बडोद्यात घर घेताय? आधी एक पावसाळा भाड्यानं राहा

पुण्या-ठाण्याहून बदली होऊन आलेला माणूस बडोद्यात पहिल्याच महिन्यात घरं बघायला निघतो. त्याचंही चूक नाही. तिकडे ज्या पैशात दोन खोल्या जमत नाहीत, त्यात इथं दाराशी गाडी लागेल असं टेनामेंट, म्हणजे जमिनीवरचं छोटं स्वतंत्र घर, दिसायला लागतं. वर दलालाचे फोन सकाळ-संध्याकाळ. सावली, हालोल, मकरपुऱ्याच्या कारखान्यांत नव्यानं रुजू झालेल्या मंडळींचे तेच प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतात, म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून ठेवतोय. मी आधी भाड्यानं राहिलो आणि मग जुन्या सोसायटीतलं टेनामेंट घेतलं, त्यामुळे जुन्या घरांबद्दल इथं जरा जास्त सापडेल. बंगल्यांच्या महागड्या स्कीम हा माझा प्रांत नाही.

१. पहिला पावसाळा भाड्याच्या घरात

उन्हाळ्यात काळा घोड्याच्या पुलावरून विश्वामित्री बघितली तर ही नदी शहर बुडवत असेल यावर विश्वास बसत नाही. ती पावागढच्या डोंगरातून येते, वळणं घेत शहराच्या मधून जाते, आणि आजवा सरोवराचं जादा पाणीही तिच्यातच सोडलं जातं. म्हणूनच बडोद्यात पाऊस थांबून ऊन पडल्यावरही पाणी चढत राहतं. ३१ जुलै २०१९ला चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला. २०२४च्या ऑगस्टअखेरीस पुन्हा शहरभर पूर आला. समा, कारेलीबाग, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर, सगळीकडे तळमजले पाण्यात, बेसमेंटमधल्या गाड्या गेल्या, आणि सोसायट्यांच्या आवारातून वनखात्यानं मगरी पकडून नेल्या.

मार्चमध्ये आलात तर दिवाळीपर्यंत थांबा. नदीपासून लांबच्या भागातही पाणी साचतं, कारण जुने कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारे नाले) बुजवून त्यांवर रस्ते आणि घरं झाली आहेत. कुठला चौक भरतो आणि कुठला कोरडा राहतो, ते कुठल्याही नकाशापेक्षा जुलैतल्या एका संध्याकाळी स्कूटरवरून जास्त कळतं.

थांबणं शक्यच नसेल तर निदान घर नीट वाचा. तळमजल्याच्या भिंतीला गुडघ्यापासून कमरेपर्यंत हात फिरवा. नव्या रंगाखाली एक आडवी रेघ फुगलेली लागते, तिच्यावर पांढरा खार आलेला असतो. ओट्याखालच्या कपाटाचं दार उघडून प्लायवूडची खालची कड बघा, सुटलेली असेल तर पाणी तिथवर आलं होतं. मीटरची पेटी अलीकडेच वर सरकवली असेल तर जुन्या पेटीच्या खिळ्यांची भोकं खाली दिसतात. शेजाऱ्यांनी ओटे उंच करून घेतलेत आणि हेच घर खाली राहिलंय का, तेही बघा. मग त्यांच्या अंगणातलं पाणी तुमच्याकडे येणार.

"इथं पाणी भरतं का?" असं विचारू नका. उत्तर "ना रे ना" हेच येणार. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या इस्त्रीवाल्याला विचारा, "२०२४च्या पुरात लोकांनी गाड्या कुठं नेऊन ठेवल्या होत्या?" तो पुलाचं नाव सांगेल.

भाड्याचं घर शोधताना आणखी एक गोष्ट कळेल. बऱ्याच सोसायट्यांत शाकाहारी कुटुंबच चालतं. रविवारी सुरमई तळणाऱ्यांनी हे पहिल्या फोनवरच स्पष्ट करून घ्यावं. विकत घेतानाही हाच प्रश्न येतो, तेव्हा तो टाळू नका.

२. कारखाना कुठं आहे, त्यावरून भाग ठरवा

रेल्वेमार्गानं बडोद्याचे दोन भाग केले आहेत आणि रोजच्या जाण्यायेण्यात ही रेषा फार छळते. अलकापुरीचं गरनाळं (रुळांखालचा रस्ता) दोन मोठ्या सरी पडल्या की बंद. मग सगळी गर्दी जेतलपूर पुलावर. २०२२च्या डिसेंबरात गेंडा सर्कल ते मनीषा चौकडी हा लांबलचक पूल झाला तेव्हापासून पश्चिमेकडे बराच श्वास मोकळा झाला, पण ऑफिस पूर्वेला आणि घर पश्चिमेला अशी कसरत शक्यतो टाळाच.

मकरपुरा जीआयडीसी किंवा पोरकडे नोकरी असेल तर मांजलपूर, तरसाली बघा. सावली-मंजुसरवाल्यांना समा-सावली रोड आणि वेमाली सोयीचं, मात्र समा भागात पहिला मुद्दा डोक्यात ठेवून. हालोल किंवा वाघोडियाला जायचं असेल तर वाघोडिया रोड, आजवा रोड. पश्चिमेपेक्षा इथं भाव उतरलेले असतात. रिफायनरी, खतांचा कारखाना, नंदेसरी यांच्यासाठी छाणी, निझामपुरा, गोरवा. त्या बाजूचं घर रात्री दहानंतर एकदा बघून या. दिवसा न जाणवणारा रसायनांचा वास रात्री हवा पडली की जाणवतो. कंपनीची शिफ्टची बस कोणत्या रस्त्यानं जाते ते आधी विचारून ठेवा. थांब्यापासून चालत दहा मिनिटांतलं घर मिळालं तर दुसऱ्या गाडीचा खर्च वाचतो.

गोत्री-सेवासी आणि वासणा-भायली हा सध्याचा चकचकीत पट्टा. भायली, सेवासी, बिल, वेमाली ही गावं २०२०मध्ये महानगरपालिकेत आली. हद्दीत येणं वेगळं आणि नळाला पाणी येणं वेगळं. ड्रेनेजची लाइन जोडलेली आहे की खाळकुवा (शोषखड्डा), पाणी पालिकेचं की बोअरचं, उन्हाळ्यात टँकर लागतात का, हे राहणाऱ्या बाईंना विचारा. पुरुषमंडळी "सगळं आहे" म्हणतात.

दलालाच्या तोंडी हमखास तीन गोष्टी येतील: बुलेट ट्रेनचं स्टेशन, दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवे आणि २८ ऑक्टोबर २०२४ला सुरू झालेला टाटा-एअरबसचा विमान कारखाना. तिन्ही खऱ्या आहेत. जुन्या एक्सप्रेसवेनं अहमदाबाद आणि पुढं राजधानी गांधीनगरही सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याच्या टप्प्यात आहे. पण त्या बातम्यांचा भाव विकणाऱ्यानं आधीच लावलेला असतो. राहायला घर घेणाऱ्यानं तो पुन्हा मोजायचं कारण नाही.

३. भाव कशावर सांगतायत?

इथं फ्लॅटचा भाव अजूनही सर्रास सुपर बिल्टअपवर (भिंती, जिना, लॉबी धरून) बोलला जातो, आणि प्लॉट-टेनामेंटचा वारावर. एक वार म्हणजे नऊ चौरस फूट. रेरा कायद्यानं बिल्डरला कार्पेट एरिया (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र) सांगणं बंधनकारक आहे, तेव्हा तो आकडा कागदावर मागा आणि एकूण किमतीला त्यानं भागा. दोन स्कीमची तुलना तेवढ्यावरच करायची. सोळाशे फुटांचा म्हणून दाखवलेला फ्लॅट आतून हजाराच्या आसपास भरला तर दचकू नका.

मग वरखर्च. गुजरातमध्ये स्टॅम्प ड्यूटी ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का. दस्तावेजातली (खरेदीखतातली) किंमत आणि जंत्रीची, म्हणजे सरकारी दरपत्रकाची, किंमत यांत जी जास्त, तिच्यावर ती लागते. एप्रिल २०२३मध्ये जंत्रीचे दर मोठ्या प्रमाणात वाढवले गेले, त्यामुळे जुन्या ओळखीच्यांचे आकडे आज उपयोगाचे नाहीत. ५० लाखांच्या घरावर स्टॅम्प २,४५,००० आणि नोंदणी ५०,००० असा हिशेब येतो. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ होते. नवऱ्याचं नाव जोडलंत की सवलत गेली.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी आहे; ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटर कार्पेटच्या आतल्या घराला १ टक्का. बीयू (बिल्डिंग यूज, म्हणजे इमारत वापरायची) परवानगी मिळाल्यानंतर विकलेल्या घराला जीएसटी लागत नाही. याशिवाय मेंटेनन्सची अनामत, वीजजोडणी, वकील, दलाली. बिल्डरकडून "ऑल इन्क्लूसिव्ह"चा आकडा लेखी घ्या. तोंडी आकड्यात पार्किंग नंतर निघतं.

४. नवी स्कीम घेत असाल तर

गुजरात रेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नोंदणी क्रमांक टाका. मंजूर नकाशे, ताबा द्यायची तारीख, किती घरं विकली गेली, जमिनीवर कर्ज आहे का, हे सगळं तिथं दिसतं. सॅम्पल हाउसमध्ये सोफ्यावर बसून हे काम होत नाही, घरी शांतपणे करा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा किंवा आठाहून जास्त घरांचा प्रोजेक्ट नोंदणीशिवाय विकता येत नाही. "नंबर आठवड्यात येतोय, आत्ता बुक केलंत तर भाव धरून देतो" असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन निघा. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही.

डुप्लेक्सच्या स्कीममध्ये एक खाच असते. प्लॉटचा दस्तावेज वेगळा आणि बांधकामाचा करार वेगळा करायला सांगतात. स्टॅम्प कमी लागतो म्हणून ग्राहकही खूश. पण मग बांधकाम रखडलं किंवा खराब निघालं तर तुमच्या हातात फक्त प्लॉटचे कागद उरतात. रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी) कुणाच्या नावावर आहे आणि बीयू कोण आणून देणार, हे बांधकामाच्या करारात लिहून घ्या. माझ्या एका सहकाऱ्यानं लिहून घेतलं नव्हतं. त्याच्या बिल्डरनं चाव्या दिल्या, गृहप्रवेशाचे पेढेही खाल्ले, आणि बीयूचं विचारल्यावर "फाइल आत आहे" एवढंच सांगत राहिला.

जमीन टीपी (टाउन प्लॅनिंग, म्हणजे नगररचना) स्कीममध्ये असेल तर फायनल प्लॉटचा क्रमांक कागदावर हवा. टीपीमध्ये रस्ते-बागांसाठी कपात होऊन मूळ प्लॉटचा आकार आणि जागा दोन्ही बदलतात. जुन्या सर्व्हे नंबरावर भागवणारा माणूस तुम्हाला उद्याच्या रस्त्यावरची जमीन विकत असू शकतो. स्कीम मसुद्याच्या टप्प्यावर आहे की अंतिम झालीय, हे महानगरपालिकेच्या किंवा वुडाच्या (शहर विकास प्राधिकरणाच्या) नगररचना खात्यात कळतं.

शहराबाहेर "वीकएंड होम"चे स्वस्त प्लॉट दाखवतात तेव्हा सातबारा बघा. बिनशेती हुकूम नसेल तर ती शेतजमीन आहे, आणि गुजरातमध्ये शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावर नवी शरत (अटींवर मिळालेली जमीन) लिहिलेली असेल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि प्रीमियम भरल्याशिवाय ती हस्तांतर होत नाही. सातबारा, आठ-अ आणि फेरफाराच्या नोंदी एनी-आरओआर या सरकारी साइटवर घरबसल्या दिसतात. गुजरातीत असतात, पण लिपी शिकायला आठवडा पुरे. शिरोरेघ काढली की निम्मी ओळखीचीच आहे.

५. जुनं टेनामेंट किंवा फ्लॅट घेत असाल तर

इथं सावकाश चाला, कारण खरी गुंतागुंत इथंच आहे.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी सहकारी सोसायट्यांमध्ये घरं पिढ्यान्पिढ्या शेअर सर्टिफिकेट आणि अलॉटमेंट लेटरवर फिरली आहेत. नोंदलेला दस्तावेज कधी झालाच नाही. "साहेब, तीस वर्षं असंच चालतंय" हे खरं असतं, पण बँकेचा वकील तिथंच अडतो आणि बुडालेली स्टॅम्प ड्यूटी भरायची पाळी कुणावर, यावरून वाद होतो. बानाखतात (म्हणजे आपलं साठेखत) हा खर्च विकणाऱ्याचा असं स्पष्ट लिहा. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटा. थकबाकी, ट्रान्सफर फी, मागचे मालक किती, घरात भांडण आहे का, हे त्यांना फाइलपेक्षा जास्त ठाऊक असतं.

दुसरं, वाढीव बांधकाम. मार्जिनमध्ये (प्लॉटच्या कडेनं मोकळ्या सोडायच्या जागेत) काढलेली खोली, वर चढवलेला मजला, झाकलेला पोर्च. विकणारा म्हणतो, "इम्पॅक्ट फी भरलीय." पावती नको, बांधकाम नियमित केल्याचं प्रमाणपत्र मागा. अर्ज केल्याची पावती आणि मंजुरी यांत फार अंतर आहे.

तिसरं, विकणारा अमेरिकेत आणि सही करणार त्याचा चुलतभाऊ. बडोद्यात हे इतकं नेहमीचं आहे की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मुखत्यारपत्र खास याच मिळकतीच्या विक्रीसाठी आहे का, तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल (परदेशी कागदाचं अधिकृत प्रमाणीकरण) होऊन आलंय का, इथं आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प लागलाय का, हे तपासा. मूळ मालकाशी व्हिडिओवर एकदा बोला. विकणारा अनिवासी असेल तर टीडीएसचा (विकणाऱ्याला पैसे देतानाच कापायच्या आयकराचा) दर बराच जास्त असतो. तो कापायची जबाबदारी तुमची, त्यामुळे सौदा ठरण्याआधी सीएला गाठा.

चौथं म्हणजे अशांत धारा. १९९१चा हा गुजरातचा कायदा बाहेरून आलेल्याला माहीतच नसतो. अधिसूचित भागातली मिळकत हस्तांतर करायची तर कलेक्टर कचेरीची पूर्वपरवानगी लागते. घेणारा-देणारा एकाच धर्माचे असले तरी लागते. जुन्या शहराचा मोठा भाग आणि बाहेरचेही काही भाग त्यात येतात. दांडिया बाजार, बाबाजीपुऱ्याकडे मराठी शेजार, गणपती आणि सुरसागरच्या काठची संध्याकाळ म्हणून घर घेण्याचा मोह होतो. जरूर घ्या, पण बानाखताची मुदत ठरवताना या परवानगीला लागणारे महिने धरा. शेजाऱ्यांचे जबाब, पंचनामा, पोलिसांचा अभिप्राय असा त्याचा प्रवास असतो.

६. वकील आणि कागद

बँकेचा वकील बँकेसाठी कागद बघतो. स्वतःचा वेगळा वकील करा आणि त्याच्याकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. तो स्थानिक गुजराती वृत्तपत्रात जाहीर नोटीस देईल, हरकत कुणी घेतली का ते बघेल, मग टायटल क्लिअर असल्याचं लिहून देईल. या फीमध्ये घासाघीस करू नका. दस्तावेज गुजरातीत होतो. सहीच्या आदल्या दिवशी मसुदा मागवून कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. चतुःसीमा, क्षेत्रफळ, नावाचं स्पेलिंग आणि पार्किंग या चार जागा दोनदा ऐका.

फाइलमध्ये हे असायला हवं:

- आधीच्या सगळ्या दस्तावेजांची साखळी आणि प्रत्येकाची इंडेक्स-२
- सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिनशेती हुकूम
- रजाचिठ्ठी, मंजूर नकाशा, बीयू परवानगी
- टीपीमध्ये असल्यास फायनल प्लॉटचा उतारा
- सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ना-हरकत पत्र
- वेऱ्याचं (मालमत्ता कराचं) भरलेलं बिल, विजेचं आणि गॅसचं शेवटचं बिल
- विकणाऱ्याचं कर्ज असल्यास बँकेचं थकबाकी पत्र. फिटलं असल्यास बोजा उतरल्याची नोंद
- अशांत धाऱ्याची परवानगी, लागू असल्यास
- दोघांचे पॅन, आधार, फोटो, आणि दोन साक्षीदार

बीयू नसलेल्या इमारतीतला फ्लॅट स्वस्त मिळतो. तो घेऊ नका, एवढंच माझं मत आहे. पुढं विकताना तुमचं गिऱ्हाईकही हेच वाचून आलेलं असेल.

७. पैसे

३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० आणि त्यावर ७५. ही किंमत म्हणजे दस्तावेजातली आणि बँकेच्या मूल्यांकनातली. इथंच "थोडं कॅश" हा विषय निघतो. जेवढा भाग रोखीत, तेवढं कर्ज कमी, पुढं विकताना तुमच्या नावावर दिसणारा नफा जास्त, आणि सौदा फिसकटला तर त्या रकमेची पावती नाही. मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यातही बसत नाही. "सगळं चेकनं" हे पहिल्या भेटीतच सांगा. काही विकणारे गळतील, गळू द्या.

किंमत ५० लाख किंवा त्यावर असेल तर १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा आणि त्याचं प्रमाणपत्र विकणाऱ्याला द्यायचं. हेही खरेदीदाराचंच काम.

८. बानाखत आणि दस्तावेज

टोकन दिल्यावर बानाखत नोंदवून घ्या. नोटरीवर भागवू नका. त्यात मुदत, कर्ज नामंजूर झालं तर टोकन परत, आणि ताब्याच्या दिवशी घरात काय काय राहणार (पंखे, गीझर, पाण्याची मोटर) हे लिहा. मोटर काढून नेणारे विक्रेते असतात.

नोंदणीची वेळ गरवी या सरकारी पोर्टलवरून घ्यायची, स्टॅम्प ई-स्टॅम्पिंगनं. मिळकतीचा फोटो दस्तावेजाला लावावा लागतो, त्यावर अक्षांश-रेखांश आणि दोन्ही पक्षांच्या सह्या. सब-रजिस्ट्रारच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर फोटो आणि अंगठा होतो. आईवडिलांपैकी कुणी खरेदीत असेल तर सकाळची वेळ घ्या. झिजलेल्या बोटांचे ठसे उमटायला वेळ लागतो आणि मागची रांग कुरकुरते. शेवटचा धनादेश खिशात ठेवून जा, सही झाल्यावरच द्या.

९. चावी मिळाल्यावर

महानगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसात वेऱ्यावर नाव चढवा. सिटी सर्व्हेत किंवा सातबाऱ्यावर नोंद पडली का, ते महिन्याभरानं बघा. मध्य गुजरात वीज कंपनीत आणि वडोदरा गॅसमध्ये नाव बदलून अनामत तुमच्या नावावर करून घ्या. सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव लागायला पुढची कमिटीची बैठक लागते, सेक्रेटरींना आठवण करत राहा. वेरा आगाऊ भरणाऱ्याला पालिका सवलत देते. ती योजना आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला जाहीर होते, तेवढी बातमी चुकवू नका. आणि टेनामेंट असेल तर मेच्या अखेरीस गच्चीचे पाइप स्वतः काठी घालून साफ करा. प्लंबर तेव्हा मिळत नाही.